तपासणी आणि सुई यांमधले दिवस

गरोदर बाईच्या पहिल्या रक्ततपासणीचा कागद घरी आला की सगळ्यांची नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. मग रक्तगट, साखर, थायरॉइड. त्याच कागदावर खाली एक ओळ असते, 'व्हीडीआरएल', आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' असं छापलेलं असतं. ही ओळ कशासाठी, हे सासरचे विचारत नाहीत, माहेरचे विचारत नाहीत, आणि गर्दीच्या दवाखान्यात आपणहून सांगायला कुणाला वेळ नसतो. ती सिफिलिसची तपासणी आहे.

जुनी माणसं ज्याला 'गरमी' म्हणत, तोच हा रोग. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाश' ग्रंथात त्याला 'फिरंग रोग' म्हटलं, कारण तो फिरंग्यांबरोबर, म्हणजे पोर्तुगिजांबरोबर इथे आला अशी समजूत होती. तिकडे युरोपात इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. दोष दुसऱ्याच्या दारात टाकण्याची ही सवय पाचशे वर्षं टिकून आहे. आजही तपासणी 'रिअ‍ॅक्टिव्ह' आली की घरात उपचाराच्या आधी 'हे कुणामुळे झालं' हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या वादात पोटातल्या बाळाचे दिवस निघून जातात.

हा लेख त्या दिवसांबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख गर्भांना किंवा बाळांना आईकडून सिफिलिसची लागण झाली. त्यांतल्या सुमारे ३ लाख ९० हजार गर्भारपणांचा शेवट वाईट झाला. दीड लाखाच्या आसपास गर्भ पोटातच गेले किंवा मूल मृत जन्मलं, सुमारे ७० हजार बाळं जन्मानंतर महिन्याभरात दगावली, बाकीची अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची किंवा आजाराची लक्षणं घेऊनच जन्मली. या रोगावरचं औषध १९४३ पासून आपल्या हातात आहे. ते स्वस्त आहे, आणि रोगजंतू इतक्या वर्षांत त्याला दाद न देण्याइतका निर्ढावलेला नाही. तरी ही मुलं का जातात? या प्रश्नाचं उत्तर देशोदेशी वेगळ्या जागी सापडतं.

एका छताखाली जन्मलेली तपासणी आणि औषध

सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, हा स्क्रूसारखा वेटोळा जिवाणू. बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिश हॉफमान यांनी १९०५ साली तो पहिल्यांदा पाहिला. पुढच्याच वर्षी आउगुस्ट फॉन वासरमान यांनी रक्ताची तपासणी शोधली. १९१० मध्ये पाउल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांचं 'साल्वरसान' हे अर्सेनिकयुक्त औषध बाजारात आलं. ते चालायचं, पण विषारी होतं, आणि उपचार महिनोन्‌महिने लांबायचे.

खरा बदल अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर झाला. तिथे सरकारच्या गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख जॉन महोनी यांनी १९४३ साली सिफिलिसच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि ते बरे झाले. याच प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'व्हीडीआरएल' हे नाव आलं, आणि १९४६ मध्ये ती तपासणीही तिथूनच पुढे आली. म्हणजे आपल्या रिपोर्टवरची ती ओळ आणि तिच्यावरचा इलाज ही एकाच घरची भावंडं, तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेली. पुढे त्यांची ताटातूट झाली. तपासणी प्रयोगशाळेत गेली, सुई दवाखान्यात राहिली, आणि दोघींच्या मधल्या रस्त्यावर बाळं हरवू लागली.

व्हीडीआरएल आणि तिची धाकटी बहीण आरपीआर या तपासण्या थेट जंतू शोधत नाहीत. बैलाच्या हृदयातून मिळणाऱ्या 'कार्डिओलिपिन' नावाच्या स्निग्ध पदार्थावर रुग्णाचं रक्त कसं वागतं, ते त्या पाहतात. त्यामुळे कधीकधी मलेरिया, कुष्ठरोग, काही सांधेविकार, किंवा नुसतं गरोदरपणसुद्धा त्यांना फसवतं. म्हणून 'रिअ‍ॅक्टिव्ह' आलं की ट्रेपोनेमाची खास तपासणी करून खात्री करायची असते. खास तपासणीचीही एक मर्यादा आहे. एकदा ती पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर तशीच राहते. दहा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या बाईलाही ती पॉझिटिव्हच दाखवते. आरपीआरचा आकडा मात्र उपचारानंतर उतरत जातो. एक तपासणी जुनी ओळख सांगते, दुसरी आजची हालचाल. डॉक्टर दोन्हींचा मेळ घालून निर्णय घेतात.

वारेतून जाणारा पाहुणा

सिफिलिस आईला फारसा त्रास देत नाही, आणि हीच त्याची सर्वांत घातक बाजू. सुरुवातीला न दुखणारा एक व्रण येतो आणि आपोआप जातो. पुढे तळहात-तळपायांवर चट्टे येतात, तेही जातात. मग रोग वर्षानुवर्षं मुकाट बसून राहतो. बाईला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. पण या काळात गर्भ राहिला तर जंतू रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात उतरतो. नववा-दहावा आठवडा आला की ही वाट उघडी असते.

आईची लागण जितकी ताजी, तितका बाळाला धोका जास्त. उपचार न झाल्यास सुरुवातीच्या टप्प्यात दहापैकी सहा ते नऊ बाळांपर्यंत तो पोचतो, अनेक वर्षांच्या जुन्या लागणीत हे प्रमाण दहात एकापेक्षा खाली येतं. टांझानियातल्या म्वांझा इथे झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं भीषण चित्र दिसलं. ज्यांची लागण जोरात होती आणि उपचार झाले नव्हते, अशा बायकांपैकी चौघींत एकीचं मूल मृत जन्मलं. सिफिलिस नसलेल्या बायकांत हे प्रमाण शंभरात एक होतं. त्या गावांतल्या आयांनी हे दुःख दैवाच्या खात्यावर मांडलं असेल. प्रत्यक्षात त्यातली बरीच मुलं एका इंजेक्शनाने वाचली असती.

ते इंजेक्शन म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिन. आपल्याकडे हृदयाच्या झडपा बिघडवणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी कमरेत जे दुखरं 'पेनिड्यूर' देतात, तेच. ट्रेपोनेमा फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला तीसेक तास लागतात, आणि पेनिसिलिन मारतं ते जंतू आपली भिंत नव्याने बांधत असताना. म्हणून औषध रक्तात थोडं पण अखंड, दिवसेंदिवस राहावं लागतं. बेंझाथीन पेनिसिलिन स्नायूत साठून राहतं आणि दोन-तीन आठवडे झिरपत असतं. लागण ताजी असेल तर २४ लाख युनिटांचा एक डोस. ती जुनी असेल, किंवा कधीची ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस. गरोदरपणात यातली तारीख फार चुकवून चालत नाही. अमेरिकेच्या मार्गदर्शनाप्रमाणे दोन डोसांमध्ये नऊ दिवसांहून जास्त अंतर पडलं तर तिन्ही डोस पुन्हा पहिल्यापासून द्यायचे.

दुसरी औषधं का चालत नाहीत? एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन वारेतून बाळापर्यंत पुरेशी पोचत नाहीत, आणि अझिथ्रोमायसिनला जंतू बऱ्याच ठिकाणी दाद देईनासा झाला आहे. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात. आई आणि पोटातलं बाळ दोघांनाही बरं करतं असं सिद्ध झालेलं औषध पेनिसिलिनच आहे. म्हणून आईला पेनिसिलिनची खरीखुरी अ‍ॅलर्जी असेल, तर रुग्णालयात देखरेखीखाली अगदी सूक्ष्म मात्रेपासून चढत्या क्रमाने देत तिच्या शरीराला त्याची सवय करतात आणि मग पूर्ण डोस देतात. पहिल्या इंजेक्शनानंतर चोवीस तासांत ताप येऊ शकतो, पोटात कळाही येऊ शकतात. मेलेल्या जंतूंमुळे येणारा हा ताप तात्पुरता असतो, पण बाईला त्याची कल्पना आधी द्यायला हवी, नाहीतर ती पुढच्या डोसाला येतच नाही.

२०११ साली झालेल्या एका आढाव्यात अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले गेले. आईला वेळेवर पेनिसिलिन मिळाल्यास बाळात आजार दिसण्याचं प्रमाण ९७ टक्क्यांनी आणि मृत मूल जन्मण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांनी कमी होतं, असा त्याचा निष्कर्ष होता. इतकं फळ देणारे उपाय वैद्यकशास्त्रात मोजकेच आहेत. अट फक्त वेळेची आहे: आईचे उपचार प्रसूतीच्या निदान तीस दिवस आधी सुरू झालेले असावेत. त्याहून उशीर झाला तर बाळाचे उपचार अपुरे राहिले असंच धरतात.

कुठे जमलं

३० जून २०१५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही आणि सिफिलिसची लागण संपवणारा क्यूबा हा जगातला पहिला देश ठरला आहे. 'संपवणं' याचा अर्थ शून्य असा नाही. एक लाख जिवंत जन्मांमागे जन्मजात सिफिलिसची ५० किंवा त्याहून कमी बाळं, आणि गरोदर बायकांपैकी ९५ टक्क्यांची नोंदणी, ९५ टक्क्यांची तपासणी, लागण असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांवर उपचार, अशी कसोटी आहे. क्यूबात २०१३ साली साऱ्या देशात जन्मजात सिफिलिसची पाच बाळं जन्मली होती. हा देश श्रीमंत नाही. पण तिथे वस्तीवस्तीत कुटुंबाचा डॉक्टर आणि नर्स असतात, गरोदर बाई कोण, तिचं रक्त कधी घेतलं, हे त्यांना माहीत असतं. जोखीम असलेल्या बायकांसाठी प्रसूतीआधी राहण्याची 'मातृगृहं' आहेत, म्हणजे दूरच्या गावची बाई शेवटच्या आठवड्यांत नजरेआड होत नाही.

थायलंडने २०१६ मध्ये, मलेशियाने २०१८ मध्ये आणि श्रीलंकेने २०१९ मध्ये ही कसोटी पार केली. श्रीलंका आपल्याला जवळची, म्हणून तिच्याकडे थोडं थांबून पाहावं. तिथल्या व्यवस्थेचा कणा आहे सरकारी सुईण, म्हणजे सार्वजनिक आरोग्य सेविका. ठरलेल्या वस्तीतली घरं तिच्या पायाखालची असतात. लग्न झालेली, दिवस गेलेली, बाळंत झालेली प्रत्येक बाई तिच्या वहीत असते. रक्त गोळा होतं, लैंगिक रोगांच्या सरकारी दवाखान्याकडे जातं, आणि निकाल येतो तेव्हा तो नेमक्या कोणत्या दारात पोचवायचा हे तिला ठाऊक असतं. तपासणी आणि सुई यांच्यामध्ये तिथे एक ओळखीचं माणूस उभं आहे.

कुठे अडलं

आफ्रिकेतल्या अनेक देशांत अडचण अंतराची होती. रक्त जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, निकाल आठवड्या-दोन आठवड्यांनी यायचा, तोवर बाई मैलोन्‌मैल चालून आपल्या गावी गेलेली. ती परत आलीच नाही तर कागद फाइलीत पडून राहायचा. एचआयव्हीसाठी परदेशी निधी आला, तपासण्या वाढल्या, आणि एक फार दुखरी विसंगती पुढे आली: बाळाला एचआयव्हीपासून वाचवलं, पण ते सिफिलिसने गेलं, कारण त्याच बाईची ती तपासणी झालीच नव्हती. यावर निघालेला तोडगा साधा आहे. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्हींचा निकाल वीसेक मिनिटांत मिळतो. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणातली पहिली तपासणी म्हणून या दुहेरी पट्टीची शिफारस केली. निकाल हाती येईतो बाई बाकावर बसून असते, आणि उठण्याआधी तिला इंजेक्शन देता येतं.

ब्राझीलमध्ये तपासण्या होत होत्या, पण सुईच नव्हती. २०१४ ते २०१६ या काळात बेंझाथीन पेनिसिलिनची जगभर टंचाई झाली. ९५ देशांच्या पाहणीत ३९ देशांनी तुटवडा असल्याचं सांगितलं. औषध जुनं, पेटंट केव्हाच संपलेलं, नफा किरकोळ. त्यामुळे त्याचा कच्चा माल जगात मोजकेच कारखाने बनवतात, आणि एक बंद पडला की खंड हादरतात. शिवाय ब्राझीलमधल्या अनेक प्राथमिक केंद्रांत परिचारिका पेनिसिलिन द्यायला धजत नव्हत्या. तीव्र अ‍ॅलर्जीची भीती होती. मोठ्या अभ्यासांच्या आढाव्यात अशी जीवघेणी प्रतिक्रिया लाखात एक-दोघांनाच आलेली दिसते, आणि ती आली तर अ‍ॅड्रेनॅलिनने सावरता येते. पण भीतीपोटी केंद्रातून मोठ्या रुग्णालयात पाठवलेली बाई वाटेतच गळायची. २०१६ मध्ये ब्राझील सरकारने सिफिलिसची साथ असल्याचं उघडपणे मान्य केलं, आणि पुढे ऑक्टोबरमधला तिसरा शनिवार या रोगाविरुद्धचा राष्ट्रीय दिवस ठरवला.

जपानची गोष्ट भीतीचीच, फक्त फार जुन्या. १९५६ साली तोक्यो विद्यापीठातल्या एका नामवंत कायदेतज्ज्ञ प्राध्यापकांचा दातांच्या उपचारादरम्यान पेनिसिलिनच्या प्रतिक्रियेने मृत्यू झाला. देश हळहळला, आणि स्नायूत देण्याचं हे इंजेक्शन पुढे कित्येक दशकं जपानमधून नाहीसं झालं. गरोदर बायकांना अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या देत, त्याही काही आठवडे नेमाने घ्याव्या लागत. आईने गोळ्या घेऊनही काही बाळं लागण घेऊन जन्मतात, हे जपानी डॉक्टरांच्याच अभ्यासांत दिसलं. २०२१ मध्ये बेंझाथीनला पुन्हा मंजुरी मिळाली आणि २०२२ मध्ये ते वापरात आलं. त्याच वर्षी देशात सिफिलिसच्या १३ हजारांहून जास्त नोंदी झाल्या.

सर्वांत विचार करायला लावणारं उदाहरण अमेरिकेचं. जिथे तपासणी आणि औषध दोन्ही जन्मली, तिथेच २०१२ साली जन्मजात सिफिलिसच्या ३३५ नोंदी होत्या, आणि २०२३ मध्ये त्या ३,८८२ झाल्या. त्यांत २७९ बाळं मृत जन्मली किंवा जन्मानंतर गेली. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ च्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की दहापैकी जवळजवळ नऊ बाळांची लागण टाळता आली असती. सुमारे ३७ टक्के आयांची वेळेवर तपासणीच झाली नव्हती. आणि जवळपास निम्म्या आयांची तपासणी झाली होती, निकाल हाती होता, पण उपचार झाले नाहीत किंवा अपुरे राहिले. विमा नाही, गुप्तरोगांचे सरकारी दवाखाने निधीअभावी बंद पडलेले, व्यसनाच्या विळख्यातल्या बायका दवाखान्यात यायला घाबरणाऱ्या, जवळचं प्रसूतिगृह तासन्‌तास दूर. मूळनिवासी अमेरिकन समाजात जन्मजात सिफिलिसचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. २०२३ मध्ये तिथेही या इंजेक्शनाची टंचाई झाली. देशभर ते एकच कंपनी पुरवत होती, म्हणून गरोदर बायकांसाठी साठा राखून ठेवावा लागला आणि पुढे फ्रान्स व पोर्तुगालमधून औषध मागवावं लागलं. २०२४ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने प्रत्येक गरोदर बाईची तपासणी तीनदा करावी असं सांगितलं: पहिल्या भेटीत, शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीच्या वेळी. पहिल्या तपासणीत निरोगी असलेल्या बाईला सातव्या महिन्यातही लागण होऊ शकते, आणि अशी ताजी लागण बाळाला सर्वांत घातक असते.

बाळ हातात आल्यावर

लागण झालेली बरीच बाळं जन्मताना अगदी सुदृढ दिसतात. काहींत लक्षणं असतात. नाक सतत वाहतं, कधी रक्तमिश्रित. तळहात-तळपायांची सालं निघतात, यकृत-प्लीहा वाढलेली असते, कावीळ लांबते. हाडांना सूज येऊन इतकं दुखतं की बाळ एक हात हलवतच नाही आणि अर्धांग झाल्यासारखं वाटतं. उपचार न झालेल्या मुलांत खुणा वर्षांनी उमटतात. एकोणिसाव्या शतकात लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी अशा मुलांतल्या तीन खुणा एकत्र नोंदवल्या: खाच पडलेले पुढचे पक्के दात, डोळ्याच्या बुबुळाचा दाह आणि बहिरेपणा.

नवजात बाळाचं निदान नाजूक असतं. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून बाळात येतात, त्यामुळे लागण न झालेल्या बाळाचीही तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. म्हणून बाळाच्या आणि आईच्या आरपीआरची तुलना करतात. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा जास्त असेल, तर लागण झाली असंच धरतात. हे रक्त नाळेतून घ्यायचं नसतं, कारण त्यात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं, ते बाळाच्या शिरेतून घ्यायचं. आकडा कमी असला तरी आईचे उपचार झाले नसतील किंवा अपुरे झाले असतील, तर अनेक देशांत बाळावर उपचार करतात. दहा दिवस शिरेतून पेनिसिलिन, किंवा रोज एक प्रोकेन पेनिसिलिनचं इंजेक्शन. आईला चालणारं साठवणुकीचं इंजेक्शन इथे पुरत नाही, कारण ते मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही, आणि जंतू तिथे दडलेला असू शकतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे एका दिवसाहून जास्त खंड पडला तर दहाही दिवस पुन्हा मोजायचे.

आईचे उपचार पुरेसे आणि वेळेवर झाले असतील आणि बाळात काही खूण नसेल, तर देशोदेशी मतं वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत बाळावर लक्ष ठेवणं पुरतं. अमेरिकेत अशा बऱ्याच बाळांना घरी जाण्याआधी एक इंजेक्शन देऊन टाकतात, कारण ती पुन्हा दिसतील याची खात्री नसते. जिथे पाठपुरावा भक्कम तिथे थांबता येतं, जिथे तो डळमळीत तिथे सुई आधी दिलेली बरी, असा त्यामागचा व्यवहार आहे. आकडे वाचतानाही हे भान ठेवावं लागतं. ब्राझीलमध्ये २०१७ पर्यंत आईवर उपचार झाले पण नवऱ्यावर झाले नाहीत, तरी बाळाची नोंद जन्मजात सिफिलिस म्हणून व्हायची. ब्रिटनची व्याख्या खूप कडक आहे. त्यामुळे दोन देशांच्या आकड्यांची थेट स्पर्धा लावता येत नाही.

बाळाला घरी नेल्यानंतरही काम संपत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा आरपीआर पाहतात. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं तिसऱ्या महिन्यापर्यंत उतरू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत जातात. ती गेली नाहीत तर लागण खरी आहे हे कळतं. आणि आई दूध पाजू शकते, स्तनावर व्रण नसेल तर. हे मुद्दाम लिहितो, कारण घाबरलेल्या घरांत पहिल्यांदा बाळाचं दूधच तोडलं जातं.

आपल्या दारात

भारताने २०१५ मध्ये जन्मजात सिफिलिस संपवण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची तपासणी होते. एचआयव्ही आणि सिफिलिसची दुहेरी पट्टी आपल्याकडेही आली आहे. आशाताई आहेत, उपकेंद्रातल्या नर्सताई आहेत, सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहे. श्रीलंकेच्या सुईणीसारखं दारापर्यंत जाणारं माणूस आपल्याकडे आहे. तिच्या हातात निकाल वेळेवर पडायला हवा, आणि इंजेक्शन उपकेंद्राच्या जवळ मिळायला हवं.

आपल्या रीतीभातींत दोन जागा अशा आहेत जिथे धागा सहज तुटतो. पहिली, माहेरचं बाळंतपण. तपासण्या सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या. कागद पिशवीतून जातो, कधी राहून जातो. ज्या डॉक्टरांच्या हाती बाळ येतं, त्यांना आईचे तीन डोस पूर्ण झाले की दोनच, हे कळत नाही. दुसरी, ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास बीड-मराठवाड्यातून निघालेल्या टोळीतली गरोदर बाई फडावर पोचते तेव्हा तिचा दुसरा डोस गावात राहिलेला असू शकतो. आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं हा नियम पालावर राहणाऱ्या बाईला कोण पाळून देणार? साखर कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्राने तिला विचारलं, तरच.

आणि तिसरी जागा घराच्या आतली आहे. बायकोवर उपचार झाले आणि लागण असलेल्या नवऱ्यावर झाले नाहीत, तर काही आठवड्यांत लागण परत येऊ शकते. गरोदरपणातल्या तीनही इंजेक्शनांचा उपयोग मग एका रात्रीत जातो. नवऱ्याने तपासून घेणं हा कबुलीजबाब नाही. रोग किती जुना आहे, कुणाकडून आला, हे रक्त सांगत नाही. तो लग्नाआधीचा असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. घरातल्या मोठ्यांनी इतकं पाळावं, की बाळंतपण होईपर्यंत हा प्रश्नच विचारू नये. त्या काळात विचारण्यासारखं एकच आहे, पुढची सुई कधी.

म्हणून पहिल्या तपासणीचा कागद हाती आला की ती ओळ वाचावी. नसेलच, तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी, आणि सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा. 'रिअ‍ॅक्टिव्ह' असेल तर त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनाने तारखा लिहाव्यात: पहिलं इंजेक्शन, दुसरं, तिसरं, नवऱ्याचं. मग तो कागद बाळंतविड्यात, दुपट्या-झबल्यांच्या वर ठेवावा. माहेरी पोचल्यावर बाळाच्या डॉक्टरांच्या हाती आधी तोच द्यावा. पहिल्या तपासणीची तारीख आणि पहिल्या सुईची तारीख एकच असेल आणि पुढच्या सुया चुकल्या नाहीत, तर त्या घरचं बाळ वाचण्याची आशा खूप मोठी.